शेवटच्या क्लिकची दलाली

इंटरनेटवरील किरकोळ व्यापार अमेरिकेत आकाराला आला, आणि गिऱ्हाईक आणून देणाऱ्यांना मोबदला देण्याची जी पद्धत त्याने सुरुवातीच्या वर्षांत स्वीकारली, तिच्या पोटातच पुढे पंचवीस वर्षे चालत राहिलेल्या एका अदृश्य चोरीची सोय होऊन बसली होती. फुले विकणारे विल्यम टोबिन यांनी १९८९ साली प्रॉडिजी या संगणकीय सेवेवर दुकान मांडले, तेव्हा त्यांनी त्या सेवेला विक्रीत वाटा देऊ केला होता. १९९४ मध्ये सीडीनाऊ या संगीताच्या दुकानाने ही कल्पना वर्ल्ड वाइड वेबवर आणली आणि संगीतावर लिहिणाऱ्या संकेतस्थळांना सांगितले, की त्यांच्या लिंकवरून आलेल्या वाचकाने एखादी सीडी विकत घेतल्यास त्यातला हिस्सा त्यांना मिळेल. १९९६ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने आपला ‘असोसिएट्स’ कार्यक्रम सुरू केला, आणि पुस्तकांची परीक्षणे लिहिणारा शिक्षक, पक्षिनिरीक्षणाचे पान चालवणारा हौशी अभ्यासक, पाककृती नोंदवून ठेवणारी गृहिणी अशा कोणालाही या व्यवहारात भाग घेता येऊ लागला. या मध्यस्थाला ‘ॲफिलिएट’ असे नाव मिळाले आणि व्यवसायाला ‘ॲफिलिएट मार्केटिंग’. जाहिरातीवर आगाऊ पैसा न घालवता, विक्री झाली तरच दलाली द्यायची, यात व्यापाऱ्याला आपली बाजू पूर्ण सुरक्षित वाटत होती.

विक्री कोणामुळे झाली हे ठरवण्याची जबाबदारी ज्या साधनावर पडली, ते मुळात या कामासाठी बनलेले नव्हते. नेटस्केप कंपनीतील तरुण अभियंता लू मोंटुली यांनी १९९४ साली ‘कुकी’ तयार केली. संकेतस्थळ वाचकाच्या ब्राउझरमध्ये जो छोटा मजकूर ठेवून देते आणि पुढच्या भेटीत परत वाचते, तो मजकूर म्हणजे कुकी. गिऱ्हाइकाने टोपलीत टाकलेल्या वस्तू एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना लक्षात राहाव्यात, एवढ्यापुरता तिचा विचार झाला होता. ॲफिलिएट व्यवसायाने तिच्यात मध्यस्थाचा क्रमांक लिहायला सुरुवात केली. वाचकाने एखाद्या लिंकवर क्लिक केले, की त्या संकेतस्थळाचा क्रमांक त्याच्या ब्राउझरमध्ये नोंदला जाई, आणि ठरावीक मुदतीत (ॲमेझॉनच्या बाबतीत २४ तासांत, इतरांकडे अनेक दिवसांत) त्याने खरेदी केली, की दलाली त्या क्रमांकाच्या खात्यावर जमा होई. दरम्यान त्याने दुसऱ्या कोणाच्या लिंकवर क्लिक केले, तर आधीचा क्रमांक पुसला जाऊन नवा लिहिला जाई. ‘शेवटच्या क्लिकचा नियम’ या नावाने ओळखली जाणारी ही रीत हिशेबाला सोपी होती, म्हणून बहुतेक सगळ्यांनी ती स्वीकारली.

या व्यवस्थेत क्रमांक लिहिला गेला याचा पुरावा राहतो, पण तो कसा लिहिला गेला याचा राहत नाही. वाचकाने खरोखर लिंक पाहून, समजून, क्लिक केले, की त्याच्या नकळत कोणीतरी तो क्रमांक त्याच्या ब्राउझरमध्ये सरकवून दिला, हे व्यापाऱ्याच्या दप्तरात सारखेच दिसते. त्यामुळे दोन वेगवेगळ्या माणसांचे नुकसान एकाच कृतीत करता येते. जे गिऱ्हाईक आपणहून येणारच होते, त्याच्यावर व्यापारी विनाकारण दलाली मोजतो, आणि ज्याच्या लेखामुळे गिऱ्हाईक खरोखर आले होते, त्या लहान संकेतस्थळाचे नाव पुसले जाऊन त्याची कमाई दुसऱ्याच्या खिशात जाते. व्यापाऱ्याला हे नुकसान यश म्हणून दिसते, कारण त्याच्या अहवालात एक मध्यस्थ भरभरून विक्री आणताना दिसतो. लहान लेखकाला तर काहीच दिसत नाही, त्याच्या खात्यावर त्या महिन्यात थोडी कमी रक्कम जमा होते इतकेच.

व्यापारी आणि मध्यस्थ यांच्या मध्ये आणखी एक संस्था उभी राहिली, तिला ‘ॲफिलिएट नेटवर्क’ म्हणतात. १९९६ साली स्थापन झालेली लिंकशेअर आणि १९९८ साली कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथे सुरू झालेली कमिशन जंक्शन ही त्यांतली ठळक नावे. शेकडो व्यापारी आणि हजारो मध्यस्थ यांची नोंदणी, क्लिकचा हिशेब आणि पैशांचे वाटप ही कामे नेटवर्क करीत असे, आणि त्याचे शुल्क साधारणपणे वाटल्या गेलेल्या दलालीच्या प्रमाणात ठरे. चोरीवर पहारा ठेवण्याचे काम अशा रीतीने त्याच संस्थेकडे आले, जिचे उत्पन्न एकूण दलाली वाढली की वाढत असे. व्यापाऱ्याच्या कार्यालयात हा कार्यक्रम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची स्थितीही फारशी निराळी नसे, कारण त्याची बढती कार्यक्रमाच्या वाढत्या आकड्यांवर अवलंबून असे आणि सर्वांत मोठा मध्यस्थ लबाड निघाला तर ते आकडे कोसळणार असत. पुढील सगळा इतिहास समजून घेताना चोरांच्या तांत्रिक हुशारीपेक्षा या मांडणीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

पहिला उघड वाद २००२ मध्ये झाला. नॅपस्टर ही गाण्यांची देवाणघेवाण करणारी सेवा न्यायालयीन लढाईनंतर २००१ साली बंद पडली आणि तिची जागा मॉर्फियस, काझा, लाइमवायर अशा सॉफ्टवेअरने घेतली. ही सॉफ्टवेअर फुकट मिळत, आणि त्यांच्यासोबत इतर कंपन्यांची छोटी सॉफ्टवेअर संगणकात उतरत. त्यांतल्या काहींचे काम असे होते, की वापरकर्ता एखाद्या लहान संकेतस्थळाच्या लिंकवरून दुकानात शिरला, तरी वाटेत त्या संकेतस्थळाचा क्रमांक काढून आपला घालायचा. वापरकर्त्याला पडद्यावर काहीच वेगळे दिसत नसे. २००२ च्या सप्टेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या प्रकाराला वाचा फोडली, तेव्हा लहान मध्यस्थांचा महिनोन्‌महिने साचलेला संताप बाहेर आला, त्यांनी अशा सॉफ्टवेअरला परजीवी म्हणायला आधीच सुरुवात केली होती. ती पुरवणाऱ्या कंपन्यांचे म्हणणे असे, की वापरकर्त्याने बसवताना करारनाम्याला संमती दिलेली आहे आणि त्यामुळे कोणाचीही फसवणूक झालेली नाही. ज्याचा पैसा जात होता, त्या लेखकाची संमती या करारनाम्यात कोणी विचारली नव्हती, आणि हा मुद्दा त्या युक्तिवादात कुठेच येत नाही.

१० डिसेंबर २००२ रोजी कमिशन जंक्शन, बी फ्री आणि परफॉर्मिक्स या तीन नेटवर्कनी मिळून एक आचारसंहिता जाहीर केली. लिंकशेअरने तिच्यावर सही न करता आपल्या करारात स्वतंत्र कलम घातले. दुसऱ्या मध्यस्थाने आणलेल्या गिऱ्हाइकाच्या वाटेत येऊ नये, त्याचा क्रमांक बदलू नये, हे तत्त्व यातून मान्य झाले आणि व्यवहारात त्यालाच ‘बाजूला थांबण्याचा नियम’ असे रूप आले. नियम चांगला होता, पण तो पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी पुन्हा नेटवर्ककडेच राहिली. पुढील काही वर्षे हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक बेंजामिन एडेलमन यांनी ती आपण होऊन उचलली. प्रयोगासाठी ठेवलेल्या संगणकांवर ते अशी सॉफ्टवेअर मुद्दाम बसवू देत, नंतर सामान्य ग्राहकासारखे दुकानांत हिंडत आणि संगणकातून बाहेर जाणारी प्रत्येक मागणी नोंदवून ठेवीत. कोणत्या क्षणी कोणाचा क्रमांक कोणाच्या जागी आला, हे त्या नोंदींतून ओळीओळीने दाखवता येत असे.

याच काळात चोरीचा दुसरा आणि अधिक फायदेशीर मार्ग रूढ झाला. त्याला संगणकात सॉफ्टवेअर बसवावे लागत नव्हते. त्याचे नाव ‘कुकी स्टफिंग’, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकी कोंबणे. कोणत्याही पानावर चित्र दाखवायचे असेल, तर पानाच्या मजकुरात त्या चित्राचा पत्ता दिलेला असतो आणि ब्राउझर तो पत्ता वाचून चित्र मागवतो. कुकी कोंबणारा एक बिंदू रुंद आणि एक बिंदू उंच अशा चित्रासाठी जागा ठेवतो, पण पत्ता देतो तो चित्राऐवजी आपल्या ॲफिलिएट लिंकचा. ब्राउझर भाबडेपणाने त्या पत्त्यावर जातो, नेटवर्कचा संगणक क्लिक झाले असे समजून कुकी देतो आणि पुढे दुकानाच्या पानाकडे पाठवतो. तिथून आलेले उत्तर चित्र नसल्याने ब्राउझर ते टाकून देतो, परंतु कुकी मात्र राहते. वाचक एखादा लेख वाचत बसलेला असतो, त्याने कशावरही क्लिक केलेले नसते, आणि पुढे तो त्या दुकानात आपणहून गेला की त्याच्या खरेदीवर कोणा अनोळखी माणसाचा हक्क लागलेला असतो. या उद्योगाला दुकान जितके मोठे तितके सोयीचे, कारण लाखो लोकांच्या ब्राउझरमध्ये आंधळेपणाने कुकी पेरल्या, तर त्यांतले बरेच जण लवकरच तिथे जाणारच असतात.

या दृष्टीने त्या काळी ईबेइतके सोयीचे दुकान क्वचितच असेल. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे मुख्यालय असलेल्या या लिलाव बाजाराचे २००६ अखेर जगभर २२ कोटींहून अधिक नोंदणीकृत सदस्य होते आणि त्या वर्षीचे उत्पन्न सुमारे ६ अब्ज डॉलर होते. त्याचा ॲफिलिएट कार्यक्रम कमिशन जंक्शनमार्फत चाले. नवा सदस्य आणला, किंवा आणलेल्या गिऱ्हाइकाने ठरलेल्या मुदतीत बोली लावली अथवा खरेदी केली, की मध्यस्थाला मोबदला मिळे. या कार्यक्रमातील पहिल्या क्रमांकाचा मध्यस्थ होता शॉन होगन, ज्याची डिजिटल पॉइंट सोल्युशन्स ही कंपनी संकेतस्थळे चालवणाऱ्यांमध्ये सुपरिचित होती. दुसऱ्या क्रमांकावर केसलर्स फ्लाइंग सर्कस ही कंपनी होती आणि तिच्याशी ब्रायन डनिंग याचे नाव जोडलेले होते. हाच डनिंग छद्मविज्ञानाची चिकित्सा करणाऱ्या ‘स्केप्टॉइड’ या ध्वनिमालिकेमुळे पुढे प्रसिद्ध झाला. ईबेने या दोघांना मिळून सुमारे साडेतीन कोटी डॉलर दिले, त्यांतील जवळजवळ २ कोटी ८० लाख होगनच्या वाट्याचे होते.

एवढ्या लोकांच्या ब्राउझरपर्यंत पोचण्याची युक्ती दोघांची सारखीच होती. डनिंगकडे ‘हू लिंक्ड’ आणि ‘प्रोफाइल मॅप्स’ अशी दोन छोटी साधने होती. पहिले ब्लॉग लिहिणाऱ्याला आपल्या पानाकडे कोणी लिंक दिली आहे हे दाखवी, तर दुसरे मायस्पेस या समाजमाध्यमावरील पानाला भेट देणारे कुठून आले हे नकाशावर दाखवी. होगनचे ‘जिओ व्हिजिटर्स’ हेही पाहुण्यांचे ठिकाण सांगणारे साधन होते. ही साधने फुकट होती, दिसायला गमतीची होती आणि हजारो ब्लॉगलेखकांनी ती आनंदाने आपल्या पानांवर लावली. आपले वाचक कोणत्या देशांतून येतात हे पाहण्याची हौस कोणाही लिहिणाऱ्याला असते. त्या हौसेच्या पाठीवर बसून ती अदृश्य लिंक प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरपर्यंत पोचत होती. यांतल्या एखाद्या ब्लॉगलेखकाने स्वतःही ईबेची लिंक दिलेली असेल, तर आपल्याच पानावर आपण हौसेने टांगलेला नकाशा आपल्याच दलालीवर दावा सांगतो आहे, हे त्याला कळण्याचा काहीही मार्ग नव्हता.

हे काम किती जाणीवपूर्वक केलेले होते, ते आरोपपत्रातील एका तपशिलावरून ध्यानात येते. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार हा संगणकीय मजकूर वाचक कुठे बसला आहे ते आधी तपासत असे, आणि तो सॅन होजे किंवा सँटा बार्बरा येथे असेल तर कुकी न देता गप्प राहत असे. पहिल्या गावात ईबेची कचेरी होती आणि दुसऱ्यात कमिशन जंक्शनची. ज्यांनी संशय घेऊन तपासायला हवे, त्यांनी आपल्या टेबलावरून कितीही वेळा ती पाने उघडली असती, तरी त्यांना सगळे स्वच्छच दिसले असते.

म्हणून ईबेने तपास बाहेरून न करता आपल्याच दारात सापळा लावून केला. त्याने आपल्या पानावर एक बिंदूएवढे, डोळ्यांना न दिसणारे चित्र ठेवले. खरा वाचक लिंकवरून ईबेवर आला, तर त्याचा ब्राउझर संपूर्ण पान मांडतो आणि त्या ओघात हे चित्रही मागवतो, त्यामुळे ईबेच्या दप्तरात कुकी आणि चित्र या दोन्हींची नोंद होते. कुकी कोंबलेली असेल, तर ब्राउझर ईबेचे पान चित्र समजून मागवतो आणि मांडण्याआधीच टाकून देतो, म्हणून कुकीची नोंद होते पण चित्राची मागणी कधीच येत नाही. दोन नोंदी शेजारी ठेवल्या, की कोणत्या मध्यस्थाचे ‘पाहुणे’ दारातून कधी आत आलेच नाहीत हे उघड होई. ज्या एका बिंदूच्या चित्राचा आधार घेऊन चोरी होत होती, त्याच आकाराच्या चित्राने ती पकडली गेली. होगन आणि डनिंग यांच्या खात्यांवरील नोंदींचा फार मोठा भाग या चाचणीत पोकळ ठरला, आणि २००७ च्या जूनमध्ये एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने छापे घातले.

खटल्यांना बराच वेळ लागला. एप्रिल २००८ मध्ये ईबेने कमिशन जंक्शनला बाजूला सारून ‘ईबे पार्टनर नेटवर्क’ हा स्वतःचा कार्यक्रम सुरू केला आणि ऑगस्टमध्ये होगन आणि डनिंग यांच्या कंपन्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला. जून २०१० मध्ये सॅन होजे येथील केंद्रीय न्यायालयात ‘वायर फ्रॉड’चे आरोप ठेवण्यात आले, दूरसंचाराच्या तारांमधून केलेली फसवणूक असा त्याचा अर्थ असून, त्यासाठी २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आरोपपत्रानुसार २००६–०७ या काळात होगनला १ कोटी ५५ लाख डॉलर आणि डनिंगच्या कंपनीला ५३ लाख डॉलर मिळाले होते. दोघांनी अखेर गुन्हा कबूल केला. २०१४ मध्ये होगनला पाच महिन्यांची कैद आणि २५ हजार डॉलर दंड झाला, तर डनिंगला १५ महिन्यांची कैद झाली. डनिंगच्या कबुलीकरारात नुकसानीची रक्कम २ ते ४ लाख डॉलर एवढीच धरलेली आहे. ५३ लाखांतून एवढाच आकडा निश्चित व्हावा, यात त्या गुन्ह्याचा स्वभाव दिसतो, कारण कोणती विक्री कुकीविनाही झालीच असती आणि कोणती नाही, हे मागाहून सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते.

या सगळ्या कागदपत्रांत फसवणूक झाली ती ईबेची. ज्यांच्या खऱ्या लिंकवरील क्रमांक कोंबलेल्या कुकीने पुसला गेला, ते असंख्य लहान मध्यस्थ फिर्यादी म्हणून कुठेच उभे नाहीत आणि त्यांच्या नुकसानीचा अंदाजही कोणी बांधलेला नाही. ईबेला निदान आपले दप्तर तपासता आले. या लहान मध्यस्थांपाशी तपासायला दप्तरच नव्हते. इंटरनेटच्या व्यापाराचा इतिहास मोठ्या कंपन्यांच्या बाजूने लिहिला जातो, तेव्हा गळते ते नेमके हेच, आणि या खटल्यांचे वर्णन डोकेबाज भामटे विरुद्ध जागरूक कंपनी असे करून थांबणे म्हणून अन्यायाचे ठरते.

पहाऱ्याच्या मांडणीविषयीचा संशय पुढे अभ्यासांनीही पक्का केला. एडेलमन आणि वेस्ली ब्रँडी यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की उघड फसवणूक शोधण्यात बाहेरचे सल्लागार अधिक यशस्वी ठरतात, तर नियमांच्या कडेकडेने चालणारे संशयास्पद प्रकार कंपनीच्या स्वतःच्या नोकरांना अधिक नेमके ओळखता येतात. त्याच वर्षी सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी हजारो संकेतस्थळांची यंत्राने पाहणी केली आणि दाखवून दिले, की व्यापारी स्वतः चालवतो त्या कार्यक्रमांपेक्षा मोठ्या नेटवर्कमार्फत चालणाऱ्या कार्यक्रमांवर कुकी कोंबणाऱ्यांचा डोळा अधिक असतो. प्रसिद्ध दुकानांच्या नावांतील एखादे अक्षर चुकवून नोंदवलेले पत्ते, म्हणजे घाईत टंकताना वाचक जिथे चुकून पोचतो ती पाने, हे तेव्हा या उद्योगाचे आवडते ठिकाण होते.

अलीकडच्या वादात पुन्हा २००२ सालचाच प्रश्न उभा राहिला, फक्त सॉफ्टवेअर आता ब्राउझरमध्येच राहू लागले होते. २०१२ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली हनी ही ब्राउझरला जोडायची सेवा ग्राहकाला पैसे देण्याच्या पानावर सवलतीचे कूपन शोधून देई. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पेपॅलने ती सुमारे ४ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिचे महिन्याकाठी सुमारे १ कोटी ७० लाख वापरकर्ते होते. डिसेंबर २०२४ मध्ये ‘मेगालॅग’ या यूट्यूब वाहिनीने एका चित्रफितीत आरोप केला, की ग्राहक खरेदीच्या अखेरच्या टप्प्यावर हनीच्या चौकटीतील बटण दाबतो, तेव्हा ती मागच्या मागे एक पान उघडून आधीच्या मध्यस्थाची कुकी आपल्या कुकीने बदलते, मग कूपन मिळो अथवा न मिळो. पेपॅलचे उत्तर असे होते, की हनी शेवटच्या क्लिकच्या नियमासह उद्योगातील रूढ पद्धतींनुसारच चालते. हा बचाव बारकाईने वाचण्यासारखा आहे, कारण नियम पाळला जात असतानाही दुसऱ्याचा मोबदला जाऊ शकतो, ही १९९६ पासूनची गोष्ट त्याने जवळजवळ मान्यच केली.

या वेळी तक्रार घेऊन आले ते लिंक देणारे स्वतः. ज्यांची उपजीविका चित्रफितींखालच्या लिंकवर चालते अशा निर्मात्यांनी काही दिवसांतच पेपॅलविरुद्ध सामूहिक दावे लावले, त्यांत कायद्याविषयी चित्रफिती करणारे वकील डेव्हिन स्टोन यांचाही पुढाकार होता, आणि ते दावे सॅन होजेच्या केंद्रीय न्यायालयात एकत्र करण्यात आले. मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोम ब्राउझरच्या जोडण्यांसाठी नियम कडक केला, की वापरकर्त्याला प्रत्यक्ष लाभ मिळत नसेल तर ॲफिलिएट लिंक घालता येणार नाही. निर्मात्यांपुढची अडचण मात्र जुनीच राहिली. आपल्या कोणत्या वाचकाची कोणती खरेदी दुसऱ्याच्या नावावर गेली हे दाखवायचे, तर त्या विक्रीच्या नोंदी हव्यात, त्या नोंदी व्यापारी आणि नेटवर्क यांच्या ताब्यात असतात, आणि दलालीच्या हिशेबापुरते पाहिले तर त्यांत प्रत्येक विक्रीसमोर क्रमांक असतो तो शेवटच्या क्लिकचा.